बाळाक्काची कँडी

कबनूरच्या आमच्या गल्लीत उजाडायच्या आधी यंत्रमाग सुरू होतात आणि मग दिवसभर कोणी कोणाशी हळू बोलू शकत नाही. शेजारी बसलेल्या माणसाकडं मीठ मागायचं तरी ओरडावं लागतं. या गल्लीत बाळाबाई शिंगे हिनं बत्तीस वर्षं कांड्या भरल्या. मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात सुताची जी नळी बसते ती कांडी. काम बायकांचं, बसून करायचं आणि कान घालवणारं. पन्नाशी ओलांडली तेव्हा तिचा डावा कान पुरता गेला होता, उजवा निम्मा उरला होता. आवाज मात्र असा, की गल्लीच्या तोंडाशी दिसलेल्या माणसाला ती घरातूनच विचारायची, "पावणं, च्या घेणार न्हवं?"

सगळे तिला बाळाक्का म्हणायचे. तिची माझी भिंत एकच. मी हायस्कुलात क्लार्क होतो. पुढं तिची पत्रं मीच लिहायचो. त्यामुळं ही हकिकत मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलीय, की कधी कधी वाटतं आपणच तिथं जाऊन आलो.

दोन हजार तीन सालची दिवाळी. आमच्याकडच्या बौद्ध मंडळींची श्रीलंकेची सहल जोतीराम सरांनी काढली होती. बाळाक्काचा नवरा बाबासो जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा प्रसेनजीत एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. आईला घेऊन जायचं त्यानं ठरवलं, दोघांचे पासपोर्ट काढले, आणि ऐन वेळी दिवाळीच्या जादा गाड्यांमुळं त्याची रजा रद्द झाली.

"मग ऱ्हाऊ दे की," बाळाक्का म्हणाली.

"न्हाय. तू जायाचं. सर हाईत संगं."

गल्लीत बातमी फुटली. अनुराधपूर, कोलंबो ही नावं कोणाच्या लक्षात राहिली नाहीत, पण कँडी हे शहराचं नाव मात्र सगळ्यांना पाठ झालं. समोरची धोंडुबाई चौकात उभी राहून ओरडली, "कांडीवाली निघाली गं कांडीला!" बाळाक्का स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसली. पिशवीत कांदा-लसूण चटणीची बाटली घेतली, पांढरी साडी घेतली आणि गेली.

कँडीला सहल दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. पाऊस नुकताच उघडला होता. डोंगराच्या उतारावर एक लहानसं गेस्ट हाऊस होतं, तिथं उतरायचं होतं. पायऱ्या शेवाळलेल्या. बाळाक्का वर बघत चढत होती, कारण पत्र्यावर माकडं बसली होती. तिसऱ्या-चौथ्या पायरीला पाय सरकला आणि ती खाली बसली ती उठलीच नाही. डॉक्टर आले. हाड मोडलं नव्हतं, पण घोटा मुरगळून भोपळ्यासारखा सुजला होता. पाच दिवस पाय टेकायचा नाही, म्हणाले.

सहलीला दुसऱ्या दिवशी अनुराधपूरला निघायचं होतं. परत येताना गाडी कँडीवरूनच जाणार होती. जोतीराम सर अडचणीत पडले. "अक्का, तुम्हाला एकटीला परक्या देशात ठेवून मी प्रसेनजीतला काय तोंड दाखवू?"

"जावा तुम्ही. मी काय ल्हान प्वार हाय? कोण खातंय मला?"

गेस्ट हाऊसची मालकीण सोमावती हे सगळं दारात उभी राहून बघत होती. बारीक अंगाची, पिकत चाललेल्या केसांची, हळू बोलणारी बाई. तिचा नवरा बोटीच्या कंपनीत होता, त्याच्याबरोबर चार वर्षं मुंबईत राहिल्यामुळं तिला हिंदी येत होतं. बाळाक्काचं हिंदी मागावरच्या बिहारी कामगारांकडून उचललेलं. या दोन मोडक्या हिंदींवर दोघींचं चाललं. मी ते मराठीतच सांगतो, कारण बाळाक्काही मला मराठीतच सांगायची.

"मी बघते यांच्याकडं," सोमावती सरांना म्हणाली. मग बाळाक्काचा दंड धरून तिनं तिला व्हरांड्यातल्या खुर्चीकडं चालवलं. "एन्ना, एन्ना."

बाळाक्का चमकली. "ये ना म्हणतीया की!" आणि खरंच, त्यांच्या भाषेत 'एन्ना' म्हणजे 'या'. खुर्चीत बसल्यावर सोमावतीनं वय विचारलं. पंचावन्न, असं ऐकल्यावर ती म्हणाली, "मग तू मला अक्का. मी बावन्नची." त्यांच्यातही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. एवढा समुद्र ओलांडून आल्यावरही आपलं नाव आपल्या आधीच इथं येऊन बसलंय, हे बाळाक्काला इतकं नवल वाटलं, की पायाचा ठणका ती घटकाभर विसरली.

पहिले दोन दिवस ती त्या खुर्चीतून हलली नाही. खाली तळं दिसायचं, चारी बाजूंनी डोंगर, आणि तळ्याच्या काठानं बुटकी पांढरी भिंत, वरची कड लाटांसारखी कापलेली. त्या भिंतीला ढगांची भिंत म्हणतात, सोमावतीनं सांगितलं. तळ्यापलीकडं दळदा मालिगाव, म्हणजे बुद्धाच्या दंतधातूचं देऊळ. सकाळी पांढरे कपडे घातलेली माणसं हातात कमळं घेऊन तिकडं चाललेली असायची. एका दुपारी पाण्यातून कुत्र्याएवढी घोरपड वर आली आणि भर रस्त्यानं डुलत गेली. कोणी तिला दगड मारला नाही, गाड्या थांबल्या. "आमच्याकडं असती तर पोरांनी तिचा पिच्छा सोडला नसता," बाळाक्का म्हणाली आणि गल्लीतल्या सवयीनं मोठ्यानं हसली. रस्त्यावरच्या बाया वळून बघू लागल्या. सोमावतीनं हसून ओठावर बोट ठेवलं. तेव्हा बाळाक्काच्या ध्यानात आलं, की इथं ओरडायची गरजच नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत तिचा आवाज निम्म्यावर आला होता.

सोमावतीनं तिला खोबऱ्याची लालभडक चटणी वाढली आणि चेहऱ्याकडं बघत राहिली. "तिखट हाय की बरं!" बाळाक्का खूश झाली आणि तिनं आपली बाटली काढली. सोमावतीनं बोटभर कांदा-लसूण चाटला, डोळ्यांत पाणी आलं, आणि पुन्हा बोट पुढं केलं.

पण खरी गोष्ट ढोलांची. दिवसातून तीनदा, पहाटे, सकाळी आणि सांजच्याला, मालिगावातून ढोलांचा आवाज वर यायचा, बरोबर सनईसारखं काहीतरी. माणसांचं बोलणं बाळाक्काला निम्मंशिम्मं ऐकू यायचं. हा आवाज मात्र तिला पुरा ऐकू आला. कानानं कमी आणि छातीनं जास्त, असं ती सांगायची. पहिल्या पहाटे तो ऐकून ती अंथरुणात उठून बसली आणि तिनं हात जोडले. खालच्या रस्त्यावरून कोणीतरी पाली वंदना म्हणत चाललं होतं. नमो तस्स भगवतो. तेच शब्द, जे कबनूरच्या विहारात ती दर पौर्णिमेला म्हणायची. या गावातलं एक अक्षर आपल्याला कळत नाही आणि हे मात्र सगळं कळतंय, म्हणून तिला रडू आलं.

चौथ्या दिवशी डॉक्टरांचा हुकूम मोडून, काठी टेकत, ती सोमावतीबरोबर मालिगावात गेली. दारात पोलिसांनी पिशवी तपासली. दुसरं कोणी काही विचारलं नाही. हे ती मला फार वेळा सांगायची. लहानपणी गडहिंग्लजकडच्या त्यांच्या खेड्यात देवळाची पायरी त्यांना नव्हती. कबनूरला आल्यावरही नवं माणूस भेटलं की पहिला प्रश्न नावाचा आणि लगेच दुसरा आडनावाचा. "तितं हुते तवर आडनाव एकानं इचारलं न्हाय. कुठनं आलाईसा एवढंच इचारत्यात. इंडिया म्हटलं की हसत्यात." ती ओळीत उभी राहिली, निळ्या कमळांची परडी वर ठेवली, आणि कोणी ढकललं नाही.

परत येताना तळ्याकाठी एका बाकावर दोघी बसल्या. बाळाक्का म्हणाली, "सोमावती, मी या गावाच्या प्रेमात पडले बघ. या वयात."

सोमावती हसली. मग बाळाक्कानं विचारलं, "ते ढोल वाजवणारे कोण गं? काय वाजवत्यात!"

"ते? ते वाजवणारे लोक. त्यांची जात वेगळी."

बाळाक्काला वाटलं आपला कान चुकला. "जात? बुद्धाच्या देशात?"

"असते की," सोमावती तसल्याच हळू आवाजात म्हणाली. "आता उघड कोणी बोलत नाही. पण लग्न ठरवताना बघतात."

बाळाक्का उठली. सोमावतीसाठी न थांबता काठी टेकत घराकडं निघाली. सांजच्याला ढोल सुरू झाले तेव्हा तिनं खोलीची खिडकी लावून घेतली. जेवली नाही.

सकाळी सोमावती व्हरांड्यात चहा घेऊन आली. "अक्का, माझं काय चुकलं?"

तेव्हा बाळाक्कानं तिला आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. आकाराम त्यांचं नाव, सगळे आबा म्हणत. आबा गावकीचं डफडं वाजवायचे. जत्रेला, लग्नाला, कोणी मेलं तरी, गावानं हाक मारली की जायचं, देवळाबाहेर उन्हात उभं राहून वाजवायचं, आणि वरून टाकलेलं झेलायचं. छप्पन साली दीक्षा घेतली. पुढच्या जत्रेला गावचे लोक बोलवायला आले, तेव्हा आबांनी डफडं अंगणात आणलं आणि कुऱ्हाडीच्या मागच्या बोथट तुंब्यानं त्यांच्यासमोर फोडलं. चार महिने गावानं त्यांना काम दिलं नाही. आठ वर्षांची बाळा त्या दिवशी खूप रडली होती. उपासमारीच्या भयानं नव्हे. तिला तो आवाज आवडायचा.

"तर आमी ते वाजवणारं लोक," बाळाक्का म्हणाली. "आता सांग."

 सोमावती उठली, अर्धा झालेला कप उचलून आत गेली. बाळाक्का सांगायची, की तेवढ्या वेळात तिनं पिशवी भरायला घेतली होती. मग सोमावती त्याच कपात पुन्हा चहा भरून बाहेर आली. या वेळी खुर्चीवर न बसता बाळाक्काच्या पायाशी पायरीवर बसली आणि तिच्या घोट्याला तेल लावू लागली.

"माझ्या आईनं त्यांना घरात घेतलं नसतं," ती म्हणाली.

"आन तू?"

"मी कधी विचारच केला नव्हता, अक्का. मला लाज वाटते."

बाळाक्कानं पिशवी परत रिकामी केली. पण एक अट घातली. त्या वाजवणाऱ्यांपैकी एकाशी तिला बोलायचं होतं.

सहल परत येण्याच्या आदल्या दिवशी, सकाळची पूजा संपल्यावर, दोघी बाहेर थांबल्या. पियदास नावाचे साठीचे गृहस्थ ढोल कापडात बांधत होते. उघडं अंग, पांढरं धोतर, कमरेला लाल पट्टा. बाळाक्कानं हात जोडले. ते गोंधळले, परदेशी बाई आपल्याला कशाला हात जोडते. सोमावती आधी जरा लांब उभी होती, मग पुढं आली आणि मध्ये बोलू लागली.

"विचार त्यांना, पोरगा वाजवतो का?"

पियदास हसले. मुलगा कोलंबोत बँकेत आहे. त्याला नको आहे, आणि मीही त्याला वाजव म्हटलं नाही, ते म्हणाले.

"मग तुम्ही का वाजवता?"

 सोमावतीनं हे विचारल्यावर त्यांनी बांधलेलं कापड सोडलं, ढोल मांडीवर घेतला आणि बाळाक्काच्या उजव्या कानाशी बोटांनी अगदी हळू वाजवून दाखवला. काठीवर हात ठेवून ती ऐकत राहिली. थांबल्यावर ते म्हणाले, "आवडतं म्हणून." सोमावतीला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही.

बाळाक्का म्हणायची, त्या दिवशी ते गाव मला खरं आवडलं. आधी आवडलं होतं ते मी मनानं केलेलं गाव होतं.

ती कबनूरला परतली तेव्हा सून रूपाली घाबरली. "आत्या, बरं वाटत न्हाय का? आवाज का बसलाय?" आवाज बसला नव्हता, ती हळू बोलत होती. आठ दिवसांत मागांनी तिला पुन्हा ओरडायला लावलं.

त्याच महिन्यात ती गडहिंग्लजची एस.टी. धरून आबांना भेटायला गेली. आबा तेव्हा शहाऐंशी वर्षांचे, दृष्टी गेलेली. तिनं सगळं सांगितलं. बुद्धासमोर ढोल वाजतात हे, आणि वाजवणाऱ्यांना तिथंही खालचं समजतात हेही. मग इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं, "आबा, तुमाला वाजवायला आवडत न्हवतं?"

आबा म्हणाले, "वाजिवणं वंगाळ न्हवतं गं बाळे. बोलावणं वंगाळ हुतं."

पुढच्या पावसाळ्यात आबा गेले.

सोमावतीची आणि तिची पत्रं चालू झाली. इकडून मी इंग्रजीत लिहायचो, तिकडून सोमावती इंग्रजीत लिहायची. वर्षभरानं, दोन हजार चारच्या डिसेंबरात, रविवारी टीव्हीवर समुद्र किनाऱ्यावरच्या गावांत घुसल्याची बातमी आली. श्रीलंकेचं नाव ऐकताच बाळाक्का अनवाणी माझ्या दारात आली. "फोन लावा!"

आम्ही एस.टी.डी. बूथवर गेलो. लागेना. दुसऱ्या दिवशी दिवसभर लागेना. बूथवाल्यानं तिच्यासाठी स्टूल ठेवलं, ती उठली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी रिंग गेली आणि सोमावतीचा तो हळू आवाज आला. बाळाक्काला ऐकू येईना, रिसीव्हर मी घेतला. सोमावती ठीक होती, कँडी समुद्रापासून लांब, डोंगरात आहे. पण तिची धाकटी बहीण मालिनी दक्षिणेला, गॉलजवळ किनाऱ्यावर राहायची. तिचं घर गेलं होतं, नवरा सापडला नव्हता. मालिनी एकटी वाचली होती. तिथल्या शाळेत शेकडो माणसं राहत होती, अंगावरच्या कपड्यानिशी.

मी हे ओरडून सांगितलं.  बाळाक्का म्हणाली, "कापड तर आपल्याकडं हाय."

दुसऱ्या दिवसापासून ती कारखान्या-कारखान्यात फिरली. मागाच्या खडखडाटात, मालकांच्या कानाशी तोंड नेऊन, तिनं तागे मागितले. ज्यांच्याकडं तिनं आयुष्यभर कांड्या भरल्या होत्या, त्यांना ती बाई काही मागते हेच नवीन होतं. कोणी पांढरं पॉपलीन दिलं, कोणी धोतराचं कापड, कोणी नुसताच "उद्या या" म्हणाला आणि ती उद्या गेली. जोतीराम सरांनी सहा माणसं तयार केली, प्रत्येकाच्या सामानात कापड भरलं. फेब्रुवारीत ती माणसं गेली, आणि बाळाक्काही त्यांच्याबरोबर गेली.

गॉलच्या शाळेत कापड वाटून सगळे कँडीला आले. सोमावतीच्या व्हरांड्यातल्या त्याच खुर्चीत आता मालिनी बसलेली असायची, तोंड घराच्या भिंतीकडं करून. दोन महिन्यांत ती फाटकाबाहेर गेली नव्हती. समोर तळं होतं, आणि तिला पाणी बघवत नव्हतं.

बाळाक्काला तिची भाषा येत नव्हती, मालिनीला हिंदीही येत नव्हतं. दोन दिवस बाळाक्का तिच्या शेजारी नुसती बसली. तिसऱ्या सकाळी तिनं मालिनीच्या पायाजवळ चपला आणून ठेवल्या आणि हात पुढं केला. "एन्ना," ती म्हणाली. मालिनीनं तिच्याकडं बघितलं. बाळाक्का आणखी एकदा म्हणाली, आणि ती उठली.

फाटकातून बाहेर पडून तळ्याकाठच्या रस्त्याला लागल्यावर मालिनीचे पाय थांबले. बाळाक्कानं तिला झाडांच्या बाजूला घेतलं, स्वतः भिंतीच्या, पाण्याच्या बाजूला झाली, आणि तिचा हात काखेत धरून चालू लागली. माझ्या रुंद अंगाचा एकदाच उपयोग झाला, असं ती म्हणायची. वाटेत मालिनी तीनदा थांबली. एकदा खाली बसली. बाळाक्काही बसली. शाळेला चाललेल्या मुली त्यांना वळसा घालून गेल्या. मग मालिनी काहीतरी बोलू लागली, बराच वेळ, न थांबता. बाळाक्काला त्यातलं काही कळलं नाही. ती "व्हय, व्हय" म्हणत राहिली.

दोन तासांनी दोघी घरी आल्या. सोमावती फाटकात उभी होती, रडलेली दिसत होती.

"कुठपर्यंत गेला होतात?"

"तळ्याला पुरा येढा घातला," बाळाक्का म्हणाली. "आता खायला घाल. दोघींनाबी."